चिलटांच्या गुणसूत्रांची टोकं

प्रश्न : बारावीतल्या मुलीचा अभ्यास घेताना वाचलं, की गुणसूत्रांच्या टोकाशी एकच छोटा डीएनए-क्रम हजारो वेळा येतो आणि टेलोमरेज हे विकर त्याची झीज भरून काढतं. तिचे सर म्हणाले, फळमाशीत हे विकरच नाही. मग तिच्या पिढ्या टिकतात कशा?
– एक पालक, सांगली

उत्तर : सरांचं बरोबर आहे. मात्र ही आंब्या-पेरूंत अंडी घालणारी फळमाशी नव्हे, पिकल्या केळ्यांवरची बारीक चिलटं, म्हणजे ड्रॉसोफिला. प्राणिशास्त्र शिकवताना सत्तावीस वर्षं मी ती बाटल्यांत वाढवली, त्यामुळे या प्रश्नाने फार आनंद झाला.

‘टेलोमिअर’ हा शब्दच या माशीने दिला. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन म्युलर तिच्यावर क्ष-किरण सोडत. गुणसूत्रं तुटत, भलतीकडे जुळत. पण मूळ टोक गमावलेलं एकही त्यांच्या हाती लागेना. टोकात काही खास असणार, म्हणून १९३८ मध्ये त्यांनी त्याला हे नाव दिलं.

डीएनएची नक्कल होताना अगदी शेवटचा भाग राहून जातो. त्यामुळे माशीचं टोक दर पिढीला डीएनएच्या साधारण ७० अक्षरांनी आखूड होतं. माणसात टेलोमरेज ‘टीटीएजीजीजी’ ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा जोडतं. माशीत ते काम हेट-ए, टार्ट आणि टाहरे या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांकडे आहे. हेट-ए सुमारे सहा हजार अक्षरांचा. त्याची आरएनए-प्रत निघते, ती टोकाशी येते आणि तिच्यावरून तिथेच नवा डीएनए विणला जातो. गोधडीची कड विरली की वर नवा तुकडा शिवावा, तसंच. फक्त टाका रोज पडत नाही. कधीतरी पडतो, पण लांबलचक.

असे उडते तुकडे एरवी जनुकाच्या मधोमध घुसून नासधूस करतात, म्हणून आम्ही त्यांना परजीवीच म्हणायचो. हेट-एबद्दल वाचल्यावर मी माझ्या टिपणांतलं ते वाक्य खोडलं.

आणि म्युलरना सापडलं नाही, तरी टोक तुटलेलं गुणसूत्र लगेच नष्ट होतंच असं नाही, हेही मुलीला सांगा. माशीत टोकावर प्रथिनांची टोपी बसते आणि ती अक्षरांचा क्रम पाहत नाही. म्हणून हेट-ए नसलेली गुणसूत्रंसुद्धा प्रयोगशाळेत कित्येक पिढ्या झिजत टिकली आहेत.

सरांकडे या माशीच्या अळीच्या लाळग्रंथीतल्या महाकाय गुणसूत्रांची स्लाइड असेल, तर एक्स गुणसूत्राचं मोकळं टोक तिला शोधायला लावा.