गॅपचं काय सांगू, आणि पगारातले दोनशे रुपये कुठे गेले

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत, त्यातली चार घेतलीत. नावं-गावं नेहमीसारखीच गाळलीयेत.

प्रश्न: ताई, मी परभणी जिल्ह्यातला. २०१९ ला बीएस्सी ॲग्री झालो आणि तेव्हापासून पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. वय २८. दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला थोडक्यात राहिलो, मग पॅटर्न डिस्क्रिप्टिव्ह, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायचा, झाला आणि सगळं परत पहिल्यापासून. वडलांची साडेतीन एकर कोरडवाहू आहे, दर महिन्याला पैसे तेच पाठवतात. आता जॉब बघावा वाटतंय पण रिझ्युमेत सहा वर्षं नुसती कोरी दिसतात. रूममेट म्हणतो बारा हजारात एक्स्पिरियन्स लेटर मिळतं, कुणाला कळत पण नाही. घेऊ का?

उत्तर: नको. अजिबात नको. कळतं रे, आणि नेमकं जॉईन झाल्यावर कळतं, कारण बऱ्याच कंपन्या आता जुन्या नोकरीचा पीएफ बघतात, यूएएन म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागतात, सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट जुळवतात, आणि लेटरमध्ये दाखवलेल्या त्या नोकरीचा पीएफमध्ये एक रुपया पण नसेल तर पहिला प्रश्न तिथेच येणार. मग काढून टाकतात आणि पुढच्या ठिकाणी सांगायला गॅप तर असतोच, वर हे पण.

आता गॅपचं. मी बरीच वर्षं भरतीच्या कामात होते, पुण्यात इंटरव्ह्यू घेणाऱ्या माणसासमोर एमपीएससीचा गॅप घेऊन कुणी ना कुणी येतच असतं, त्याला त्याचं नवल नसतं. त्याच्या मनात एकच शंका असते, हा परीक्षेची पुढची जाहिरात आली की तिसऱ्या महिन्यात सोडून जाणार का. तू सहा वर्षांची सफाई देत बसतोस आणि त्याला हवं असलेलं उत्तर राहूनच जातं. म्हणून सरळ सांग, "सर, मी सहा वर्षं राज्यसेवा केली, दोनदा मेन्सपर्यंत गेलो, झालं नाही. आता पूर्णवेळ तयारी थांबवलीये, रूम सोडलीये, मला काम करायचंय." एवढंच, आणि हे खरं असेल तरच. मनात अजून एक अटेम्प्ट असेल तर आधी स्वतःशी ठरव, कारण बोलताना ते दिसतं.

रिझ्युमे कोरा नाहीये, तू तो कोरा ठेवलायस. दोन वर्षांपूर्वी तुझ्यासारखाच एक मुलगा माझ्याकडे आला होता, बुलढाण्याचा. एका पानाचा रिझ्युमे, शिक्षणाच्या चार ओळी आणि खाली हॉबी म्हणून वाचन आणि क्रिकेट, बाकी पान रिकामं. मी म्हटलं दिवसभर काय करायचास ते सांग, तर म्हणाला काही नाही ताई, अभ्यासच. मग बोलता बोलता निघालं की चाळीस पोरांच्या मेसचा हिशोब हाच ठेवायचा, कुणाचे किती खाडे, कुणाचे किती बाकी, सिलिंडर कधी आणायचा, दीड वर्ष. वहीच दाखवली त्याने मला, निळ्या कव्हरची, प्रत्येक पानाला उभ्या रेघा मारलेल्या आणि महिन्याच्या शेवटी लाल पेनाने टोटल, एकाही टोटलमध्ये खाडाखोड नाही. ज्याला अकाउंट्स असिस्टंट पाहिजे त्याने ही वही बघितली तर अजून काय पाहिजे? आम्ही ते रिझ्युमेत दोन ओळीत लिहिलं, त्याने तीन महिने टॅली आणि जीएसटीचा क्लास केला आणि आज तो एका पतसंस्थेत आहे.

तर तू पण बस आणि लिहून काढ. अभ्यासिकेत ज्युनियर पोरांना शिकवलंस का, टेस्ट सिरीजचा ग्रुप चालवलास का, सुट्टीत गावी गेल्यावर वडलांच्या पीकविम्याचे नाहीतर कुणाच्या अनुदानाचे फॉर्म भरलेस का. यातलं काहीतरी केलंच असणार.

आणि तुझ्याकडे ॲग्रीची डिग्री आहे हे तू विसरलायस असं पत्र वाचून वाटलं. बँकांमध्ये ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरची पोस्ट असते, आयबीपीएस म्हणजे बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था, तिच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून, तिला शेतीची चार वर्षांची डिग्रीच लागते आणि मेन्सला तुझाच विषय असतो. तिथे ओपनला वयोमर्यादा ३० आहे म्हणजे तुझ्या हातात फार वेळ नाहीये, परीक्षाच द्यायची तर आधी ही दे. राज्यसेवेला ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, आणि मला वाटतं पोरं अडकतात ती इथेच, दार बंदच होत नाही त्यामुळे निघावं कधी हे कळत नाही. प्रायव्हेटमध्ये बियाणं, खतं, ठिबक, पीकविमा या कंपन्यांना फील्डवर माणसं लागतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांना कोऑर्डिनेटर लागतो. सुरुवातीचा पगार कमी असेल आणि गाडीवर फिरावं लागेल, पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येणं ही त्या कामात मोठी गोष्ट आहे आणि ती तुला शिकवावी लागणार नाही.

अजून एक. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात होती आणि अर्ज दहा लाखांच्या वर. जागाच एवढ्या कमी असतात तेव्हा राहून गेलेली सगळी पोरं ढ नसतात, तू पण नाहीस. तयारी थांबवायचं ठरलं तर वडलांना ते फोनवर सांगू नकोस, गावी जा, दोन दिवस रहा आणि समोर बसून सांग. बहुतेक त्यांना आधीच कळलेलं असतं, ते तुझ्या बोलण्याची वाट बघत असतात.

प्रश्न: ताई, मी इचलकरंजीहून लिहितेय, मुलाची आई. मुलगा बीकॉम झालाय. त्याला विमानतळावर नोकरी म्हणून फोन आला, व्हॉट्सॲपवर शिक्क्याचं लेटर आलं, रजिस्ट्रेशनचे २,९५० भरले, मग युनिफॉर्मचे ८,५०० भरले, आता ट्रेनिंगचे १८,००० मागतायत आणि म्हणतात भरले नाहीत तर आधीचे पण बुडतील. मुलगा दोन दिवस जेवला नाही, यांना अजून सांगितलं नाही. काय करू?

उत्तर: काकू, आता एक रुपया पण भरू नका, ही नोकरी नाहीये. आणि हे वाचताय तोवर १९३० वर फोन केला नसेल तर आधी तो करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे त्यांच्या खात्यात गोठवता यायची शक्यता जास्त, उद्या-परवा म्हणत बसलं की ते चार खाती फिरून निघून जातात. फोन करताना दोन्ही पेमेंटचे ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख आणि ज्या नंबरवर पाठवले तो नंबर जवळ ठेवा. चॅट डिलीट करू देऊ नका, लाजेने मुलं पहिलं तेच करतात. त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

आधार-पॅन पाठवलं असेल तर त्याच्या नावावर कुठे लोन निघालंय का ते पुढचे काही महिने सिबिलवर, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये, बघत रहा. आणि आता थोड्या दिवसांनी दुसरा फोन येऊ शकतो, तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल म्हणून. तो पण त्यातलाच समजा. बँक खातं वापरायला द्या, महिना दहा हजार देतो, असं कुणी म्हणालं तर ते सगळ्यात वाईट, कारण मग फसवणुकीचे पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि पोलीस त्याच्याच दारात येतात.

खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही, ना डिपॉझिट ना युनिफॉर्मचे, हे त्याला आता सांगायची गरज नाही म्हणा. त्याला रागवू नका. ते लेटर, तो शिक्का, ती इंग्रजी भाषा, चांगली शिकलेली माणसं फसतात हो. मुलाच्या वडलांना आजच सांगा, त्याने एकट्याने हे डोक्यावर घेऊन बसू नये.

प्रश्न: माझा डिप्लोमा मेकॅनिकल झालाय. चाकणला एका कंपनीत लागलेय, ॲप्रेंटिस म्हणून घेतो म्हणाले. महिन्याला ९,००० देतात, पीएफ कापत नाहीत, काही कागद दिलेला नाही, पैसे कॉन्ट्रॅक्टर देतो. मैत्रीण म्हणते पीएफ नाही म्हणजे फसवतायत. हे बरोबर आहे का?

उत्तर: पीएफ नाही एवढ्यावरून काही ठरत नाही गं. खरी ॲप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली असते, त्यात तू कामगार नसतेस, शिकाऊ असतेस, आणि त्यामुळे पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागूच होत नाही. मिळतं ते स्टायपेंड, २०१९ च्या नियमात डिप्लोमावाल्यांना त्याची किमान रक्कम ८,००० ठेवली होती, सध्याचा आकडा पोर्टलवर बघून घे. तुझ्या पत्रात मला खटकली ती दुसरी गोष्ट, कागद नाही आणि पैसे कॉन्ट्रॅक्टर देतो.

ॲप्रेंटिस असशील तर तुझा करार झालेला असतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांचं नॅट्स पोर्टल आहे. तिथे तुझं रजिस्ट्रेशन आहे का बघ, लॉगिन करून करार दिसतो का बघ. तुला कधी रजिस्ट्रेशन करायला सांगितलंच नसेल, आधार ओटीपी मागितला नसेल, तर बहुतेक करारच नाही, म्हणजे तुला लाइनवर पूर्ण काम करायला लावून नाव ॲप्रेंटिसचं दिलंय. मग वर्ष संपल्यावर सर्टिफिकेट पण मिळणार नाही, आणि या वर्षाची खरी किंमत त्या सर्टिफिकेटमध्येच आहे.

एचआरला मेल टाक, तोंडी नको. "माझा ॲप्रेंटिसशिप करार नंबर कळवावा, नॅट्सवर प्रोफाइल अपडेट करायची आहे." भांडण नाही, आरोप नाही. नंबर दिला तर छान, मन लावून वर्ष पूर्ण कर, आणि टाळाटाळ केली तर तुला उत्तर मिळालंच. तोवर गेट पासचा फोटो, शिफ्टचे मेसेज आणि बँकेत पैसे जमा झाल्याच्या एंट्र्या जपून ठेव. ओरिजिनल मार्कशीट मागितल्या तर झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखवून लगेच परत घ्यायच्या, ठेवून यायच्या नाहीत.

प्रश्न: मॅडम, पहिलाच जॉब, पुण्यात. पॅकेज ३.६० लाख सांगितलं म्हणजे महिना ३०,००० धरून मी रूम घेतली, घरी पण तेच सांगितलं. हातात आले २२,४७८. विचारायची लाज वाटते, नवीनच आहे ना.

उत्तर: लाज कसली, तुझेच पैसे आहेत. तू स्लिप आणि ऑफर लेटर दोन्ही पाठवलंस ते बरं केलंस, मांडून दाखवते.

३०,००० ही सीटीसी, म्हणजे कंपनीला तू केवढ्याला पडतेस तो आकडा. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामावर ठरणारा भाग, १० टक्के आहे, ३,०००, ते वर्षाच्या शेवटी परफॉर्मन्स बघून मिळणार. कंपनीचा पीएफ १,८०० पण त्यातच धरलाय, तुझं बेसिक १५,००० आहे त्याच्या १२ टक्के. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे, ७२२ पण त्यातच. हे तिन्ही वजा केलं की ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, राहतो २४,४७८. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ परत १,८०० जातो, म्हणजे उरले २२,६७८. पीएफचे दोन्ही मिळून महिना ३,६०० तुझ्याच नावावर जमा होतात, फक्त कंपनीच्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो, यूएएन चालू करून पासबुक बघत जा, खरंच भरतायत का ते.

पण २२,६७८ आणि तुझ्या हातात २२,४७८. मधले दोनशे प्रोफेशन टॅक्स म्हणून कापलेत, आणि हे मात्र चुकलंय. महाराष्ट्रात महिलांना २०२३ पासून महिना २५,००० पगारापर्यंत प्रोफेशन टॅक्स माफ आहे आणि तुझा ग्रॉस त्याच्या खाली आहे. बहुतेक सिस्टीममध्ये कुणीतरी जेंडर चुकीचं टाकलं असेल, मी असं आधी पण बघितलंय. पगार काढणाऱ्या पेरोल विभागाला दोन ओळींची मेल टाक, स्लिप जोड, आणि तुझ्याबरोबर जॉईन झालेल्या बाकीच्या मुलींना पण त्यांच्या स्लिपा बघायला सांग. पुढच्या महिन्यात ते दोनशे परत आले का ते मला नक्की कळव.