‘गप्प राहावे’ हे कोणाकोणाला सांगितलं होतं?

प्रिय मुली,

सलाम.

तुझा मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. आपल्या चर्चच्या वार्षिक सभेत तू महिला मंडळाच्या फंडाचा हिशेब विचारलास आणि एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, “स्त्रियांनी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) गप्प राहावे.” लोक हसले, सभा पुढच्या विषयावर गेली. “बाई, शास्त्रातच तसं असेल तर मी इथे करतेय तरी काय?” असं तू विचारलंयस. उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बस.

त्या वचनापासून पळू नकोस. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ १४:३४, लिहिलेलं आहेच. फक्त तिथून सहा वचनं वर सरक. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावं, असं अठ्ठाविसाव्यात आहे. बसलेल्या दुसऱ्या कोणाला काही प्रकट झालं तर आधी बोलणाऱ्याने गप्प व्हावं, असं तिसाव्यात. मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. करिंथच्या मंडळीत सगळे एकदम बोलायचे, म्हणून पौल एकेकाला थांबवतोय. साठ वर्षं मी उपासनेला जाते. पहिल्या दोन वचनांवरून कोणाला खाली बसवलेलं मी अजून पाहिलं नाही. बसवायला हवं होतं असे उपदेश मात्र पुष्कळ ऐकलेत.

त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल, स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं की नाही, याची चर्चा करतो. बायका मंडळीत बोलतच नसत्या तर पदराचा प्रश्न आलाच कुठून? आणि पस्तिसावं वचन म्हणतं, काही शिकायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. तुझं लग्न झालेलं नाही. मग फंडाचा हिशेब तू कोणाला विचारायचा, हे त्या वडिलांनाच विचारून पाहा. (नको, विचारू नकोस. मला नुसतं लिहावंसं वाटलं.)

पहिले तीमथ्य दोनमधलं वचन, स्त्रीने शिकवू नये नि पुरुषावर अधिकार चालवू नये असं सांगणारं, याहून अवघड आहे. मोठमोठ्या अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. पण रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायही पौलाचाच. त्यात किंख्रिया मंडळीच्या फिबी नावाच्या बाईला तो जो शब्द लावतो, ‘दियाकोनोस’ म्हणजे सेवक, तोच तो स्वतःलाही लावतो.

पौलाच्याच गलतीकरांस पत्रातलं ‘पुरुष व स्त्री हा भेदच नाही’ तुला पाठ आहे, सगळ्यांनाच असतं. ते कोणी नाकारत नाही, हीच अडचण आहे. मान डोलावतात आणि पैसे मोजायला चार पुरुष बसतात.

म्हणून मी वचनांच्या कुस्तीत फार रमत नाही. प्रभू येशू काय करत होता ते बघते. मार्थेच्या घरी मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. पायाशी बसणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गुरू गमलिएलाच्या चरणांशी शिकलो, असं पौलही अभिमानाने सांगतो. मरिया तिथे शिष्य म्हणून बसली होती, आणि तिला स्वयंपाकघरात पाठव म्हटल्यावर प्रभूने पाठवलं नाही.

शोमरोनी बाईची गोष्ट तर विहिरीवरची, भर दुपारची. शिष्य परत आले तेव्हा तो एका बाईशी बोलतोय याचंच त्यांना नवल वाटलं. ती घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावली. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती जोगिणी, म्हणजे सिस्टर, ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या, ते घर त्यांनी पाहिलं. तिथल्या सिस्टरनी त्यांना हीच गोष्ट वाचून दाखवली. आपल्या देशातल्या पिचलेल्या बायकांना उभं करील तो हाच, असं त्यांना तेव्हा वाटलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आता पुढचं ऐक, ते आपल्याकडे कमी सांगतात. याच रमाबाईंनी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांसमोर बसून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या होत्या. बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली! हिंदू पंडितांनी ऐकून घेतलं आणि बिशप नको म्हणाले. मंडळीची सभासद झाले म्हणून पाळकांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, मला माझी विवेकबुद्धी आहे, या अर्थाचं त्यांनी १८८५ साली लिहून कळवलं. पण मंडळी सोडली नाही, ख्रिस्तालाही नाही. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. तिथल्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

माझं काही असं मोठं नाही. बावीस वर्षं मी प्रभुभोजनाचे काचेचे छोटे प्याले धुतले, एकही फुटू दिला नाही. कोमट पाणी, मऊ फडकं, वाळवायला उपडे. पण भरलेला ट्रे बाकाबाकांतून फिरवायची वेळ आली की कोणीतरी पुरुष पुढे व्हायचा. एकदा पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, “बघू.” मी पुन्हा विचारलं नाही. चूक तिथे झाली, आणि ती माझीही होती.

तू पुन्हा विचार. सभेत उठून नको, तिथे हशा पिकवणं सोपं असतं. सेक्रेटरींना कागदावर लिहून दे: फंडात किती जमा, किती खर्च, हिशेब कोणी तपासला. तारीख घाल आणि पोच घे. महिला मंडळातल्या दोघींच्या सह्या घे, नसतील देत तर एकटीची चालेल. उत्तर आलं नाही तर महिनाभराने दुसरा कागद. त्या वडिलांना भेटलीस तर बायबल घेऊन जा आणि चौदावा अध्याय पहिल्यापासून दोघांनी मोठ्याने वाचा. ते माणूस म्हणून वाईट नसतील. बहुतेक त्यांनीही ते एकच वचन ऐकलेलं असेल.

आणि वर्गणी मोजायला दोन बायका बसाव्यात हे त्याच अर्जात घाल. वेगळा अर्ज केलास तर तो वेगळा हरवेल.

रविवारी मी येतेय. प्याले आपण दोघी धुऊ. कागद पर्समध्ये ठेव, एकदा मला वाचून दाखव.

तुझी,
बाई