सहा हात वर, सेहेचाळीस खाली

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच गाऱ्हाणं निरनिराळ्या शब्दांत आहे: वर्ग बोलत नाही. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. पट ५२. प्रश्न विचारला की तेच सहा हात वर येतात, बाकीचे वहीत डोकं घालून बसतात. यंदा स्वतःसाठी म्हणून शिकण्याचा एक प्रकल्प करायचं ठरवलंय, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे’. सुरुवात कुठून करू? आणि फरक पडला हे कळणार कसं?
— एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : आधी शीर्षक बदला. ‘सहभाग वाढवणे’ हे अहवालात शोभतं, पण मंगळवारच्या तिसऱ्या तासाला त्याचं करायचं काय? त्याऐवजी वहीत असं लिहा: ‘आठवी ब, विज्ञान, सहा आठवडे. एका तासात किती वेगवेगळ्या मुलांनी विचार करून उत्तर दिलं?’ एक वर्ग, एका वेळी एक बदल, एक मोजणी. दोन बदल एकदम केलेत तर फरक कशाने पडला ते शेवटी तुम्हालाच सांगता येणार नाही.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त मोजा. बाकांचा नकाशा काढून प्रत्येक चौकटीत हजेरी क्रमांक लिहा. मुख्याध्यापकांना सांगून चार तासांचा फक्त आवाज फोनवर रेकॉर्ड करा. व्हिडिओ नको. मुलं कॅमेऱ्याकडे बघत बसतात आणि पालकांच्या परवानगीचा प्रश्न निघतो तो वेगळाच. फोन वर्गाच्या मध्यावरच्या खिडकीत ठेवा. पंख्याखाली ठेवलात तर घरघरीपलीकडे काही ऐकू येणार नाही. प्रत्येक तासातली दहाच मिनिटं ऐका: जो बोलला त्याच्या चौकटीत एक रेघ, आणि तुमचा प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत किती सेकंद गेले ते घड्याळ लावून टिपा. मोजून झालं की फाइल पुसून टाका.

हे सेकंद बहुतेकांना धक्का देतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं आपणहून बोलू लागली. रो यांनी थांबण्याच्या दोन जागा तपासल्या होत्या, प्रश्नानंतरची आणि मुलाच्या उत्तरानंतरची. दुसरी आपण साफ विसरतो. मूल एक वाक्य बोलतं आणि आपण ‘बरोबर!’ म्हणून मोकळे होतो. त्याच्या मनात असलेलं दुसरं वाक्य तिथेच राहतं.

तेव्हा पहिला बदल हाच धरा. फळ्यासमोर तीन सेकंद फार लांब वाटतात आणि जीभ आपोआप प्रश्नाची दुरुस्ती करायला धावते: ‘म्हणजे काय, की...’ इथेच घात होतो. मुलं पहिल्या प्रश्नाचा विचार सोडून दुसरा ऐकू लागतात. उपाय साधा आहे. प्रश्न विचारा, खडू टेबलावर ठेवा, मागच्या बाकांकडे तीन-चार पावलं चाला. तीन सेकंद त्यातच जातात. पण ‘तापमान मोजायचं साधन कोणतं?’ अशा प्रश्नाला थांबू नका. आठवलं तर लगेच आठवतं, नाही तर थांबून उजाडत नाही. थांबण्याचं चीज ‘का’ आणि ‘कसं’वाल्या प्रश्नांतच होतं.

हे दोन आठवडे अंगवळणी पडलं की काड्या. आइस्क्रीमच्या ५२ काड्यांवर नावं लिहा आणि डब्यात टाका. क्रम मात्र पक्का: आधी प्रश्न, मग थांबणं, मग शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलणं, आणि शेवटी काडी. नाव आधी पुकारलंत की उरलेले ५१ सुटले. काढलेली काडी परत डब्यातच टाका. बाहेर ठेवली की ज्याची पाळी झाली तो तासभर निवांत.

सगळ्यांकडून एकदम उत्तर हवं असेल तर पाटीसारखं दुसरं साधन नाही. पारदर्शक फोल्डरमध्ये पांढरा पुठ्ठा सरकवला आणि व्हाइटबोर्ड मार्कर घेतला की झाली पाटी. पुसायला जुना मोजा. दोघांत एक केलीत तर २६ पुरतात. दोन ठिकाणी बिघडतं. शाई रात्रभर राहिली की पुसली जात नाही. त्यावर त्याच मार्करने पुन्हा गिरवून लगेच पुसा, निघते. आणि पाट्या मनाला येईल तेव्हा वर केल्या की मागचे पुढच्यांचं बघून लिहितात. ‘तीन, दोन, एक, वर!’ असा इशारा ठरवा, तोवर पाटी छातीशी पालथी.

पाटीवर विचारायचा प्रश्न मात्र आदल्या दिवशी टाचणातच लिहून ठेवा, ऐन वेळी चांगला सुचत नाही. उदाहरणार्थ संघननासाठी: ‘पावसाळ्यात एसी लोकलमधून ठाण्याच्या फलाटावर उतरलं की चष्म्यावर धुकं का धरतं?’ अ, घाम काचेवर येतो. ब, थंड काचेला लागून बाहेरच्या दमट हवेतली वाफ पाणी होते. क, गाडीतली थंड हवा आपल्याबरोबर बाहेर येऊन तिचं धुकं होतं. ‘क’ मुद्दाम ठेवला आहे. ओलावा थंड हवेतून येतो असं मानणारी मुलं त्यात नेमकी सापडतात. चुकीचे पर्याय असे असावेत की चूक कुठली आहे ते पर्यायावरूनच कळावं.

पाट्यांवर नजर फिरवून काय करायचं याचा एक ठोकताळा हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या पद्धतीत आहे. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी आली तर पुन्हा समजावा. ७० च्या वर गेली तर दोन वाक्यांत स्पष्टीकरण देऊन पुढे चला. मधे असतील तर उत्तर न सांगता ‘ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे त्याला पटवा’ म्हणून दोन मिनिटं द्या आणि पुन्हा पाट्या वर करायला लावा. ५२ च्या वर्गात हे आकडे साधारण १६ आणि ३६, दोघांत एक पाटी असेल तर ८ आणि १८. मागच्या दोन रांगांपासून मोजायला लागा.

चौथ्या आठवड्यात सगळं बिनसल्यासारखं वाटेल. ते सहा हुशार हिरमुसतात, गोंगाट वाढतो, आणि भाग मागे पडतो. तेव्हा एका तासात असे दोनच प्रश्न ठेवा, पाच नकोत. सहाव्या आठवड्यात पुन्हा चार तास, तीच दहा मिनिटं, तोच नकाशा. सहाचे वीस झाले पण उत्तरं एकेका शब्दाची आली, तर वाढले ते फक्त आवाज. म्हणून रेघ ओढताना पूर्ण वाक्य आलं असेल तिथे रेघेवर टिंब द्या. खरा आकडा टिंबांचा.

प्रश्न : बी.एड.ला कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गात एखादा बदल करून त्याचा अभ्यास) अहवाल आणि रोजची चिंतन-नोंद दोन्ही मागतात. माझी नोंदवही ‘आजचा तास छान झाला’ याच्या पुढे जात नाही.
— एक छात्राध्यापिका, कोपरखैरणे

उत्तर : कारण ती रात्री घरी लिहिली जाते. दिवसभराचं सगळं तोवर एकमेकांत कालवलेलं असतं. पुढच्या घंटेच्या आत, उभ्याउभ्या, तीन मिनिटांत चार ओळी लिहा: काय करून पाहिलं, काय दिसलं, काय अनपेक्षित होतं, उद्या काय बदलणार. दुसरी ओळ सगळ्यांत अवघड. ‘मुलं कंटाळली’ हे दिसत नाही, तो आपला निष्कर्ष. ‘पंधराव्या मिनिटाला शेवटच्या दोन बाकांवरच्या चौघांनी वह्या मिटल्या’ हे दिसतं. असं लिहिलं की दुसरा प्रश्न आपोआप निघतो: पंधराव्या मिनिटाला मी काय करत होते? बहुधा तुम्ही फळ्यावर उतारा लिहीत होतात, वर्गाकडे पाठ करून.

अहवालासाठी वेगळं काही जमवावं लागत नाही. सहा आठवड्यांच्या ‘काय दिसलं’च्या ओळी एकाखाली एक लावल्या की निष्कर्षाचं प्रकरण अर्धं तयार असतं. मैत्रिणीला निरीक्षणाला बोलवायचं असेल तर पंधराच मिनिटं बोलवा आणि एकच मोजणी द्या. ‘कसा वाटला तास?’ विचारलंत तर ती ‘छान’च म्हणणार, स्टाफरूममध्ये एकत्र डबा खायचा असतो.

प्रश्न : माझी मुलगी अबोल आहे. त्यांच्या बाई चिठ्ठी काढून नाव पुकारतात. ती सकाळी पोट दुखतंय म्हणते. हे योग्य आहे का?
— एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : चिठ्ठी योग्य, पण चिठ्ठीच्या आधीचं अर्धं मिनिट गाळलं असावं. अबोल मुलाला उत्तर येत नसतं असं नाही, कच्चं उत्तर चारचौघांत मांडायची धास्ती असते. जोडीत आधी बोलून घेतलेलं असेल आणि बाईंनी ‘तुझं उत्तर काय?’ऐवजी ‘तुमच्या दोघींत काय बोलणं झालं?’ असं विचारलं तर ओझं निम्मं होतं. ‘पास’ म्हणायची मुभा असावी. मात्र दोन मुलांनंतर बाईंनी परत तिच्याकडे यावं आणि ‘यांतलं कोणाचं पटतं?’ एवढंच विचारावं. नाहीतर ‘पास’ ही कायमची पळवाट होते. बाईंना भेटाल तेव्हा ‘तिला विचारू नका’ असं मात्र म्हणू नका. ‘जोडीनंतर विचारा’ असं सांगा. आणि पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही असेल तर आधी डॉक्टर.

प्रश्न : मोबाइलवरची प्रश्नमंजुषा घेतली की सातवीचा वर्ग उड्या मारतो. घटक चाचणीत मात्र तीच मुलं त्याच प्रश्नांवर अडतात.
— एक शिक्षक, घोडबंदर रोड

उत्तर : उड्या घड्याळामुळे आहेत. लवकर उत्तराला जास्त गुण मिळाले की वाचण्याआधी बोट पडतं, आणि चारांतला एक पर्याय अंदाजाने लागतोही. बहुतेक अशा ॲपमध्ये वेळ वाढवता येतो आणि वेगाचे गुण बंद करता येतात. दोन्ही करा. पर्याय दिसण्याआधी उत्तर वहीत लिहायला लावा.

त्याहून महत्त्वाचं, मंजुषा त्याच तासाच्या शेवटी घेऊ नका. तेव्हा सगळं ताजं असतं आणि सगळ्यांना सगळं येतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे उपयोगी आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तर उलट: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणून तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, वह्या बंद, तीन प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. त्याला फोनही लागत नाही. गुण वहीत चढवू नका, नाहीतर मुलं शेजारच्याचं बघू लागतात आणि कोणाला काय आठवतं ते तुम्हाला कळतच नाही.

प्रश्न : सहावीला ठाणे खाडी दाखवायला न्यायची आहे. मागच्या वेळी सगळा वेळ सेल्फी आणि वेफर्समध्ये गेला.
— एक शिक्षक, घणसोली

उत्तर : खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे वगैरे माहिती बसमध्ये सांगून होते. तिथे गेल्यावर हातात काम हवं. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बघायची तर ओहोटी हवी, भरतीला ती पाण्याखाली जातात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे या शनिवारी दहाला ओहोटी असेल तर पुढच्या शनिवारी दहाला जवळपास भरती मिळेल. सहल एक आठवडा पुढे ढकलणाऱ्यांची फजिती इथे होते. रोहित पक्षी हवे असतील तर नोव्हेंबर ते मे.

दोघांत एक पुठ्ठा द्या, मधे १० सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापलेली. कठड्यावर टेकवून, हात लांब करून त्यातून दिसणारी मुळं मोजायची, तीन ठिकाणी: पाण्याजवळ, मधे, काठाला. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल. एक भिंग दिलंत तर कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात. झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चाखायला मात्र देऊ नका, खाडीचं पाणी स्वच्छ नाही. एकच प्रश्न घेऊन परत यायचं: मुळं कुठे दाट, आणि का? वेफर्स बसमध्ये.

प्रश्न : वर्गात निम्म्या मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी. मराठीत प्रश्न विचारला की शांतता.
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : जोडीतलं अर्धं मिनिट त्यांना हव्या त्या भाषेत बोलू द्या, वर्गाला सांगताना मराठी. फळ्याच्या कोपऱ्यात वाक्याची सुरुवात लिहून ठेवा: ‘मला वाटतं की... कारण...’ आणि त्या दिवशी लागणारे चार-पाच शब्द. अडलेला शब्द हिंदीत आला तर मधेच तोडू नका. त्याचं बोलणं पुरं झाल्यावर तेच वाक्य तुम्ही मराठीत म्हणा आणि फळ्यावरच्या यादीत तो शब्द वाढवा.