मॅग्नमची काडतुसं घरी भरताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या बऱ्याच वाचकांनी यावेळी रिव्हॉल्व्हरची, जास्त करून मॅग्नम म्हणजे जास्त जोराची, काडतुसं घरी भरण्याबद्दल विचारलंय, आणि एक पत्र कोल्हापूरचं आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कुठल्या काडतुसात किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) पावडर हा आकडा या सदरात छापणार नाही. तो पावडर कंपनीच्या किंवा गोळी कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचा, माझ्याकडून पण नाही.

प्रश्न : माझं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे. फॅक्टरीची काडतुसं परवडत नाहीत म्हणून प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) घेतलाय. रेंजवरच्या मित्राने त्याचं पावडरचं प्रमाण लिहून दिलंय, गन सेम मॉडेलची आहे. तेच वापरू का? आणि .३८ स्पेशलच्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं) खूप साठल्यात, त्या चालतील का? (ओहायो)

मित्राचा कागद बाजूला ठेवा. मॉडेल सेम असलं तरी सिलिंडर आणि नळीमधली फट वेगळी असते, चेंबरचं (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकाचं) माप वेगळं असतं, त्याची गोळी वेगळ्या कंपनीची असेल, ती पुंगळीत किती खोल बसवलीय ते तुम्हाला माहीत नाही, आणि तो स्वतः हळूहळू चढत कमाल प्रमाणापर्यंत पोचला असेल तर तुम्ही पहिल्याच दिवशी तिथून सुरू करणार. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचं प्रमाण दिलेलं असतं, तिथून सुरू करायचं, तीच गोळी, तोच प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी), तीच एकूण लांबी, आणि थोडं थोडं वाढवत पुंगळी सहज निघते का, प्रायमर चपटा होतोय का (दाब चढल्याची खूण) ते बघत जायचं. ग्रेन म्हणजे किती लहान माप ते डोळ्यासमोर आणा, सोनाराची गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची आणि ग्रेन तिच्या जवळपास निम्मा. हा कारभार अंदाजाने होत नाही, काटा लागतो आणि रोज सुरुवातीला तो वजनं ठेवून तपासावा लागतो.

आता .३८ च्या पुंगळ्या. .३५७ मॅग्नम १९३५ साली स्मिथ अँड वेसनने आणलं, ते .३८ स्पेशलचीच पुंगळी लांब करून. .३८ ची पुंगळी १.१५५ इंच आणि .३५७ ची १.२९० इंच, आणि हे वाढवलेलं माप मुद्दाम आहे, म्हणजे मॅग्नम काडतूस चुकूनही जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण बसू नये. .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि .३५७ ची ३५,०००, दुपटीपेक्षा जास्त. तुम्ही .३८ च्या पुंगळीत मॅग्नमचं प्रमाण भरलंत तर पहिलं म्हणजे जागा कमी म्हणून दाब अजून चढतो, आणि दुसरं म्हणजे ते काडतूस कुणाच्यातरी जुन्या .३८ मध्ये मस्त बसतं. हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं, कारण घरात भरलेली काडतुसं डब्यातून डब्यात फिरतात आणि भरणारा माणूस दरवेळी शेजारी उभा नसतो. तेव्हा .३८ च्या पुंगळीत फक्त .३८ स्पेशलचं छापील प्रमाण, बस. ती काडतुसं तुमच्या मॅग्नममध्ये आरामात चालतात, टार्गेटला छान असतात, फक्त खूप झाडली की चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडाशी कार्बनची कडी जमते आणि नंतर .३५७ ची काडतुसं अडकायला लागतात, तर ती कडी ब्रशने काढत चला.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. टार्गेटच्या हलक्या काडतुसाला लोक जलद जळणारी पावडर घेतात, ती इतकी थोडी लागते की उंच मॅग्नम पुंगळीच्या तळाशी दिसते न दिसते. दुप्पट पडली तरी सांडत नाही, वरून गोळी आरामात बसते, आणि ते काडतूस झाडलं की सिलिंडर फुटू शकतो. म्हणून पावडर टाकली की लगेच गोळी बसवायची घाई करू नका. ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा, सगळ्यांत पावडर टाकून झाली की टॉर्च घेऊन एकेका रांगेत वरून बघा, पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, एक जरी वर किंवा खाली वाटली तर ती पुंगळी रिकामी करून परत तोलून भरा. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. फोन दुसऱ्या खोलीत, गप्पा मारत हे काम करायचं नाही.

प्रश्न : माझ्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, .४४ मॅग्नमचा झटका झेपत नाही. माझ्याकडे २९६ पावडर आहे, ती निम्मी भरली तर काम होईल ना? (टेक्सास)

नाही, अजिबात नको. २९६ आणि एच११० (दोन्ही एकच पावडर आहे) ही सावकाश जळणारी, पुंगळी जवळजवळ भरून आणि घट्ट क्रिंप लावून (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळून) वापरायची पावडर आहे. ही पावडर विकणारी हॉजडन कंपनी स्वतःच सांगते की कमाल प्रमाणाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. निम्मी केली तर ती नीट पेटतच नाही, कधी गोळी नळीत अर्ध्यावर थांबते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. तुम्हाला सौम्य काडतूस हवंय तर पावडरच वेगळी घ्या, मध्यम किंवा जलद, जिचं हलकं प्रमाण मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, किंवा सरळ .४४ स्पेशल भरा, ते तुमच्या गनमध्ये चालतं. .४४ मॅग्नमचा जन्मच तिथून झालाय, आयडाहोचे एल्मर कीथ वर्षानुवर्षं .४४ स्पेशल जोरात भरत होते आणि कंपन्यांच्या मागे लागले होते, त्यातून १९५५ च्या शेवटी मॅग्नम आलं.

आणि कधीही आवाज फुसका आला, झटका जाणवला नाही, तर तिथेच थांबा. सिलिंडर रिकामा करा, नळीतून दांडी घालून बघा. शेजारचा म्हणेल मार अजून एक, ऐकू नका.

प्रश्न : चार-पाच गोळ्या झाल्या की सिलिंडर फिरतच नाही, हातानेही नाही. काडतुसं मीच भरलेली. (पेन्सिल्व्हेनिया)

क्रिंप कमी पडतोय असं दिसतंय. प्रत्येक झटक्याला गन मागे येते आणि उरलेल्या काडतुसांतली गोळी जागेवरच राहायला बघते, म्हणजे पुंगळीतून हळूहळू पुढे सरकते, आणि सिलिंडरच्या बाहेर डोकावली की नळीच्या बुडाला अडते. पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत स्वच्छ वळलं पाहिजे. त्यासाठी सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर एकीला क्रिंप घट्ट आणि दुसरीला नुसता नावाला. तपासायचं असं, सहा भरा, एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून त्याच्यावर खूण करा, ते शेवटी ठेवून बाकीची पाच झाडा आणि मग ते काढून परत मोजा. लांबी वाढली असेल तर क्रिंपची डाय (प्रेसमधला साचा) अजून थोडी खाली घ्या. क्रिंप व्यवस्थित असूनही सरकत असेल तर पुंगळीचीच पकड ढिली आहे, तोंड रुंदावणारी डाय प्रमाणाबाहेर उघडतेय का ते बघा.

प्रश्न : हरणाची शिकार आणि टार्गेट, दोन्हीला एकच काडतूस चालेल का?

चालेल, पण मला ते पटत नाही. टार्गेटला स्वस्त शिशाची गोळी आणि हलकं प्रमाण, दिवसभर झाडा, नेम सुधारतो. शिकारीला गोळी अशी हवी की जी आत खोल जाईल आणि जनावर तडफडत पळणार नाही, ही जबाबदारी आपली असते, आणि त्याच काडतुसाने तुम्ही ज्या अंतरावर खात्रीने मारू शकता तेवढ्याच अंतरावरून मारायचं. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच आणि काडतूस सरळ भिंतीचं (पुंगळी तोंडाशी एकदम अरुंद न होणारी), .३५७ किंवा मोठं लागतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंद आहे, तिथे तांब्याची गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा खाते, शिशाच्या गोळीचं प्रमाण तिला लावायचं नाही.

टार्गेटमध्ये एक अपवाद म्हणजे मेटॅलिक सिल्हूट, मेक्सिकोतून आलेला खेळ. ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की आणि २०० वर मेंढा, सगळे पोलादी. नुसती गोळी लागून भागत नाही, मेंढा आडवा पडला पाहिजे, तेव्हा तिथे जड गोळी आणि जोरदार काडतूसच लागतं.

प्रश्न : मी २५ मीटर पिस्तूल नेमबाजी शिकतेय. आपल्याकडे घरी काडतुसं भरून खर्च कमी करता येईल का? (कोल्हापूर)

नाही. तुमच्या प्रकारात .२२ लाँग रायफल लागतं, त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, एकदा झाडली की परत भरता येत नाही. आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे. नेमबाज राही सरनोबत तुमच्याच गावची, तुमच्याच प्रकारातली, तेव्हा क्लबमधल्या जुन्या खेळाडूंना भेटा, काडतुसांचा कोटा आणि सवलतीची माहिती तिथेच मिळेल.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. मित्राबरोबर काडतुसं भरायला बसलो तर चालेल का? (न्यू जर्सी)

आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मगच प्रायमरच्या डब्याला हात लावा. एच-१बीसारख्या नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाने गन किंवा अ‍ॅम्युनिशन बाळगणं फेडरल कायद्यात मना आहे, आणि त्या कायद्यात अ‍ॅम्युनिशन म्हणजे फक्त तयार काडतूस नाही, पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सगळं त्यात येतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकण्यासाठी भरायला लागलात की मात्र लागतं. व्हिसावाल्यांना एक सूट आहे, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर. ते काढलंत तर त्याची प्रत जवळ ठेवा आणि तारखेवर लक्ष ठेवा, बरीच राज्यं ते एका वर्षापुरतंच देतात, आणि मुदत संपली की सूटही संपते.