वाचकांचे प्रश्न : कलावर्ग, आशाताई आणि बडग्या

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या एका डे-केअर केंद्रात आम्ही काही कलावंतांनी वस्तीतील आशाताई (आशा स्वयंसेविका) व परिचारिकांच्या सोबतीने कलावर्ग चालवावेत आणि या मंडळींचा शेजारपाजाऱ्यांशी तुटलेला संबंध जुळवावा, असा विचार आहे. प्रशिक्षण कोणाला आणि कसले द्यावे? यंदा मारबतीच्या मिरवणुकीसाठी सर्वांनी मिळून ‘मानसिक आजारा’चा बडग्या (वाईट गोष्टीचा मिरवून जाळायचा पुतळा) करावा, असे एका मित्राने सुचवले आहे. ते योग्य होईल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : प्रशिक्षण दोन्ही गटांना द्यावे आणि एकत्रच द्यावे. कलावंतांना आजाराची माहिती आणि आरोग्यसेविकांना कलेची तोंडओळख अशी स्वतंत्र व्याख्याने ठेवली, तर प्रत्यक्ष वर्गात काही अडले की कलावंत परिचारिकेच्या तोंडाकडे पाहतो आणि परिचारिका दाराशी उभी राहून हजेरी मांडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला आणि सामाजिक एकोप्याला हातभार लागतो असे नोंदवले, हे खरे. परंतु हे अहवाल दाखवून निधी मिळतो, वर्ग चालवता येत नाही.

कलावंताने सर्वप्रथम शिकायचे ते हात आवरणे. समोरच्याची रेघ वाकडी जात असताना ब्रश हातातून घेऊन ‘असं करा’ म्हणण्याची सवय आपल्या शिक्षकमंडळींना फार असते. मनोविकारांवरील काही औषधांनी हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, सकाळी गुंगी राहते. तेव्हा जाड दांड्याचे ब्रश, टेबलाला चिकटपट्टीने बसवलेला कागद आणि हाताशी पाणी ही तयारी हवी. यांतील काही औषधांमुळे शरीराला उष्णता सोसणे जड जाते आणि लिथियम हे औषध घेणाऱ्यांना अंगातील पाणी कमी होणे धोक्याचे असते, म्हणून नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा वर्ग ठेवूच नये. ही माहिती परिचारिकेकडे असते, पण कोणी विचारल्याशिवाय ती रंगांच्या डब्यापर्यंत पोहोचत नाही.

आरोग्यसेविकेचे शिकणे वेगळे आहे. तिने स्वतः चित्र काढायला बसावे, आणि वाईट काढावे, तरच तिची देखरेख सुटते. चित्रावरून निदान करण्याचा मोहही टाळावा. कोणी काळा रंग वापरला तर मन उदास असेलच असे नाही, कदाचित बाकीचे रंग वाळून गेले असतील. कलोपचार हे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेल्यांचे काम आहे आणि आपला वर्ग उपचार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकावे. मात्र कोणी जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलल्यास कलावंताने ते गुपित म्हणून जपू नये; केंद्रातील कोणाला लगेच सांगायचे हे आधी ठरलेले असावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही सर्वांना पाठ हवा.

आता बडग्या. कल्पना नागपूरची आहे आणि म्हणूनच तिला हात लावताना सावध राहावे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो आणि शेवटी पुतळा जाळला जातो. ज्याच्या केस पेपरवर स्किझोफ्रेनिया लिहिले आहे, त्याने त्याच नावाचा पुतळा गर्दीत जळताना पाहिला, तर आजार जळतो आहे की आपण, हा प्रश्न त्याला पडणारच. बडग्या करायचाच असेल तर भाड्याने खोली नाकारणाऱ्या घरमालकाचा करा, झाडफूक करून पैसे उकळणाऱ्या भोंदूचा करा, आणि विषय सहभागी मंडळींनाच निवडू द्या. दरवर्षी बडग्या बांधणारी गल्लीतील मुले त्यांच्यासोबत कामट्या बांधायला बसली, तरच शेजार जुळला म्हणता येईल. मुले नुसती पाहायला आली तर ते प्रदर्शन झाले.

छायाचित्रांचेही आधीच ठरवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही, आणि केंद्राला तो नियम लागू होत असो वा नसो, आपण तो पाळावा; मिरवणुकीत तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो.

पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. वर्ग जूनमध्ये सुरू करून जुलैअखेरीस बडग्याचा निर्णय घ्यावा, आणि तोवर गल्लीतील मुलांशी ओळख झाली नसेल तर यंदा सर्वांनी मिळून मिरवणूक पाहायला जावे.