प्रश्न तुमचे: नजर अधू झाल्यावर ओट्यापाशी

प्रश्न : सासूबाई 64 वर्षांच्या आहेत. काचबिंदूमुळे बाजूचं काहीच दिसत नाही, समोरचंही धूसर. त्यांना पुन्हा स्वयंपाक करायचाय, पण घरचे गॅसला हात लावू देत नाहीत. चहापासून सुरुवात करू का? *(एक वाचक, पंचवटी)*

उत्तर : गॅसला हात लावू द्या, पण सुरुवातीचे दिवस रेग्युलेटर बंद ठेवून. थंड शेगडीवर दोन गोष्टी हाताला पक्क्या बसवायच्या : नॉब आणि भांड्याची जागा. बहुतेक घरगुती शेगड्यांवर नॉब दाबून डावीकडे पाव फेरा फिरवला की आच मोठी, अर्ध्या फेऱ्याला बारीक. म्हणजे नॉबची खूण बंद असताना वर, मोठ्या आचेला डावीकडे, बारीक आचेला खाली. त्या खुणेवर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावा. भांडं ठेवलं की स्टँडचे दांडे चारही बाजूंनी सारखे बाहेर आलेत का, हे दोन्ही हातांनी चाचपायचं. हे सगळं विस्तव पेटण्याआधी. पेटल्यावर बर्नरकडे हात न्यायची वेळच येऊ नये.

आता चहाबद्दल. सगळे चहापासूनच सुरू करतात आणि आमच्या मते तिथेच फसतात. दिसायला सोपा, पण उकळतं पातेलं उचलायचं, गाळणी धरायची आणि कपात ओतायचं, ही तिन्ही कामं एकदम येतात. त्याऐवजी थालीपीठ घ्या. ते थंड तव्यावर थापता येतं, हे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल.

वाटीभर भाजणीत बारीक चिरलेला अर्धा कांदा, तिखट, मीठ आणि लागेल तसं पाणी घालून सैलसर मळा; दोन थालीपिठं होतात. तव्यावर चमचाभर तेल बोटांनी पसरून गोळा मधोमध ठेवायचा आणि मधून बाहेर थापत जायचं. तव्याच्या काठापासून दोन बोटं जागा सोडली की पुरे; काठ हाताला लागतोच, त्यामुळे अंदाज चुकत नाही. पाच भोकं पाडून प्रत्येकात दोन थेंब तेल. मग तवा शेगडीवर, वर झाकण, आणि त्यानंतर गॅस.

थंड तव्यापासून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं लागतात. फोनवर गजर लावा. झाकण उचलताना पलीकडची कड आधी उचलायची, नाहीतर वाफ सरळ मनगटावर येते. उलथनं खाली सहज सरकलं तर झालंय. अडकलं तर खरवडायचं नाही, आणखी मिनिटभर थांबायचं. कच्चं थालीपीठ चिकटतं, भाजलेलं सुटतं. उलटल्यावर झाकण नको, तीन मिनिटं पुरे. गॅस बंद करून मगच उचलायचं. दुसऱ्यासाठी दुसरा तवा ठेवा. घाईने गार करायला तापलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी मारलं तर तो तडकतो.

काचबिंदूत कडेचं दिसत नाही, त्यामुळे पातेल्याचा बाहेर आलेला दांडा हमखास कोपराला लागतो. दांडा ओट्याबाहेर किंवा शेजारच्या बर्नरवर येता कामा नये. काळ्या ग्रॅनाइटवर चमक पडून डोळे दिपतात. एकरंगी सुती कापड पसरा. कांदा गडद पाटावर, पालक पांढऱ्यावर चिरा. आणि एक विनंती घरच्यांना : शिकवताना त्यांचा हात पकडून ओढू नका. तुमच्या हातावर त्यांचा हात ठेवू द्या. मिठाची बरणी हलवलीत तर त्याच क्षणी सांगा.

प्रश्न : भाचा 19 वर्षांचा, जन्मापासून दृष्टिहीन. पुण्यात खोली घेऊन राहणार आहे. फोडणी आणि चिराचिरी कशी शिकवावी? *(एक वाचक, नाशिकरोड)*

उत्तर : फोडणीला कान पुरतात. थंड कढईत दोन चमचे तेल. ते बाटलीने ओतू नये, रुंद तोंडाच्या बरणीत छोटी पळी बुडवून घ्यावं. तेलातच चार-पाच मोहरीचे दाणे टाकून मध्यम आच. ते तडतडले म्हणजे तेल तापलं. मग उरलेली मोहरी टाकून लगेच झाकण. तडतड थांबली की आधी गॅस बंद, मग हिंग, हळद, तिखट. तिखट काही सेकंदांत करपतं, आणि करपल्याचा ठसका येतो तोवर वेळ गेलेली असते. त्यानंतर कांदा घालून पुन्हा पेटवायचं. चमचा आणि हात कोरडे हवेत. पाण्याचा थेंबही तेल उडवतो.

लायटर पेटवताना तो आधी बर्नरला टेकवायचा, मग नॉब फिरवायचा. तीन खटक्यांत पेटलं नाही तर नॉब बंद, खिडकी उघडी, मिनिटभर थांबून पुन्हा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. बारीक आच पंख्याने विझू शकते, म्हणून पंखा बंद. गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून, विजेचं कुठलंही बटण न दाबता बाहेर पडायचं आणि बाहेरूनच 1906 ला फोन करायचा.

कांदा आधी उभा अर्धा करून सपाट बाजू पाटावर पालथी. बोटांची टोकं आत दुमडलेली, सुरीचं पातं पेरांना घासत जातं. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे तो सरकत नाही. चिरलेलं ताटात उजवीकडे, न चिरलेलं डावीकडे. विळीचं पातं एका जागी स्थिर असतं, म्हणून काही अंध व्यक्तींना तीच सोयीची वाटते. फक्त उठताना मिटलीच पाहिजे. नवख्याने सुरीच घ्यावी.

दोघांच्याही घरच्यांनी नाशिकमधल्या सातपूरच्या ‘नॅब’च्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, अंधांसाठी काम करणारी संस्था) संकुलात प्रशिक्षणाची चौकशी करावी.

प्रश्न : अंध व्यक्तीसाठी इंडक्शन घ्यावं का? *(एक वाचक, सिडको)*

उत्तर : घ्या, पण दुकानात डोळे मिटून बटणं चाचपून पाहा. काचेवरची गुळगुळीत टच बटणं हाताला कळत नाहीत, आणि नुसत्या स्पर्शाने नको ते चालू होतं. दाबल्यावर टक्‌ वाजणारी किंवा फिरवायची बटणं हवीत. ज्योत नसली तरी भांडं उतरवल्यावर काच बराच वेळ गरम राहते, हे विसरू नये. घरातली ॲल्युमिनियमची पातेली त्यावर चालणार नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, तेवढं बघून खरेदी करा.