सकाळी ट्रॅकरला जाग का येत नाही?

प्रश्न : माझा द्राक्षांचा टेम्पो रात्री जुन्या नाशकात वाड्याशेजारी पत्र्याखाली उभा असतो. सकाळी निघालं की ट्रॅकरवर लोकेशन यायला पार आडगाव नाका येतो. पण दुपारी परत येऊन त्याच पत्र्याखाली लावला तर बराच वेळ बरोबर दाखवतो! दुकानदार म्हणतो नवीन घ्या. घेऊ का?
– एक वाचक, भद्रकाली

उत्तर : थांबा, एवढ्यात खिशात हात घालू नका. तुम्ही जे दोन प्रकार लिहिलेत ना त्यातच उत्तर आहे, सापडलेला सिग्नल धरून ठेवणं सोपं, नव्याने शोधणं महाकठीण.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर आणि त्यांचा सिग्नल उघड्यावरसुद्धा इतका बारीक पोचतो की ट्रॅकरच्या रिसीव्हरमधला (सिग्नल पकडणाऱ्या भागातला) गोंगाट त्याच्या शंभरेकपट असतो. तरी सापडतो कसा, तर प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ तुकड्यांचा ठरलेला कोड असतो, सेकंदाला १,००० वेळा तोच तो. रामकुंडावर गर्दीत कुणी एकसारखं तुमचंच नाव घेत असेल तर कधीतरी कान टवकारतातच, तसंच. रिसीव्हर कोडच्या आवृत्त्या एकावर एक रचतो, १० रचल्या की सिग्नल १० पट, गोंगाट मात्र तीनेक पटच वाढतो.

मग हजार रचा की! तिथंच गोची आहे. याच कोडवर उपग्रह माहितीही पाठवतो, तिचा बिट (० किंवा १) दर २० मिलिसेकंदांनी बदलू शकतो, मग सिग्नल उलटा होतो आणि रचलेलं आपसातच कटतं. शिवाय उपग्रह पळत असतो त्यामुळे फ्रिक्वेन्सी काही किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकते, आणि जितका जास्त वेळ रचाल तितकी ती बारीक पायऱ्यांनी चाळावी लागते. दुपारी ही चाळणी लागतच नाही, कोड कुठं आहे फ्रिक्वेन्सी किती हे आधीच माहीत असतं, म्हणून पत्र्याखालीही टिकतो.

सकाळचं दुखणं अजून एक. उपग्रहांच्या कक्षेची माहिती चारेक तासच ताजी, रात्रभरात शिळी होते. नवी उतरायला सेकंदाला फक्त ५० बिट, म्हणजे अर्धा मिनिट सलग चांगला सिग्नल हवा आणि तुमच्या गल्लीबोळात तो दर वळणाला तुटतो. (मोबाईल हीच माहिती नेटवरून घेतो म्हणून त्याचा तोरा.)

सकाळी उघड्यावर दोन मिनिटं गाडी उभी करून बघा. आणि अँटेना डॅशबोर्डच्या लोखंडाखाली खुपसलेली असेल तर काचेजवळ आणा, सपाट बाजू आभाळाकडे.